मर्गिलानच्या वस्तादाकडे तीन दिवस

गाडीतलं मला सगळं कळतं, असं मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत मानत आलो. शिरोलीच्या एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून आम्ही गाड्यांच्या पाण्याच्या पंपाच्या बॉड्या आणि असलीच किरकोळ कास्टिंगं ओततो. आता पंपाची बॉडी ओतणाऱ्याला पंप कळतोच असं नाही. कढई ओतणाऱ्याला भाजी कुठं येते? पण हे मला कुणी सांगितलं नाही, आणि बायकोनं सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही.

तर असा मी, स्वतःच्या गाडीनं कोल्हापुरातनं लंडनला जायचं ठरवून बसलो. चार गाड्यांचा ताफा होता. म्होरक्या सांगलीचे एक निवृत्त बँक अधिकारी. माणूस घड्याळाचा पक्का, आवाज न चढवता रागावणारा. नेपाळ, तिबेट, चीन, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि पुढं युरोप असा रस्ता. बायकोला मी म्हटलं, "तू नको, दगदग होईल." ती म्हणाली, "मी न्हाई आले तर तुम्ही नेपाळातनंच परत याल." ती इचलकरंजीजवळच्या कबनूरची. माहेर लिंगायत, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. नेहमीचं बोलणं मराठीत, पण माझ्यावर चिडली की कन्नड बाहेर येतं. त्यामुळं मला कन्नड फारसं येत नसलं तरी शिव्यांच्या अलीकडचं सगळं समजतं.

निघायच्या आधी आठवडाभर आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांचा उद्योग. काळा गॉगल, पिळलेल्या मिश्या, हात छातीवर बांधलेले, मागं बर्फाचा डोंगर आणि खाली लाल अक्षरांत 'कोल्हापूरचा वाघ निघाला जगाच्या सफरीवर'. मी तोंडानं "कशाला रे हे" म्हणत होतो आणि दिवसातनं तीनदा त्या चौकातनं गाडी काढत होतो. निघताना मित्रांनी फ्लेक्स उतरवून, घडी घालून माझ्या हातात दिला. "लंडनात लावा, मालक." मी तो मागच्या सीटखाली जपून ठेवला. बायकोनं जागा नाही म्हणून कांदा-लसूण मसाल्याच्या दोन डब्यांतला एक घरीच ठेवला होता. फ्लेक्सला मात्र जागा झाली.

नेपाळ, तिबेट, चीन, सगळीकडं गाडी घड्याळासारखी चालली. मी रोज संध्याकाळी बाकीच्या तीन गाडीवाल्यांना इंजिनाविषयी काहीतरी सांगायचो. ते ऐकायचे, कारण परक्या मुलखात दुसरं करमणुकीचं साधन नव्हतं.

किर्गिझस्तानात शिरलो तेव्हा जून महिना होता, आणि सारी-ताश नावाच्या गावात बर्फ पडत होतं. तिथं एका ट्रकच्या तोंडाला, रेडिएटरच्या पुढं, पुठ्ठा बांधलेला मला दिसला. मी लगेच ओळखलं. थंड हवा थेट रेडिएटरवर आली की इंजिन नीट तापत नाही, आतला हीटरही गरम वारा देत नाही. म्हणून ड्रायव्हर मंडळी पुठ्ठा लावून वारा अडवतात. हे ज्ञान झाल्यावर स्वस्थ बसवेना. पुठ्ठा नव्हता. फ्लेक्स होता. मी बॉनेट उघडलं, पुढचं प्लॅस्टिकचं झाकण उचकटलं, त्यात त्याच्या दोन क्लिपा तुटून बर्फात पडल्या, आणि फ्लेक्सची चार पदरी घडी पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत खोचली. झाकण परत दाबून बसवलं. त्या रात्रीच्या जेवणात मी या विषयावर अर्धा तास बोललो.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून ओश शहराकडं निघालो. बर्फ मागं पडलं, हिरवळ आली, घोडे आले, मग ऊन आलं. पुठ्ठा लावणारा प्रत्येक ड्रायव्हर घाट उतरल्यावर पुठ्ठा काढतो. मी काढला नाही. मला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं मी काय काय शोध लावले ते वाचताना तुमच्याही मनात हाच प्रश्न येणार की या माणसाला दिसत कसं नाही.

आधी एसी गेला. म्हणजे चालू होता, पण कोमट वारा यायला लागला. "गॅस संपलाय," मी म्हणालो. सीमा ओलांडून उझबेकिस्तानात आलो, फरगाना खोऱ्यात. सपाट मुलूख, दोन्हीकडं कापसाची शेतं, कडेला तुतीची झाडं, आणि चाळिशीच्या घरातलं ऊन. आता तापमानाचा काटा मधोमध राहीना. तो हळूहळू लालाकडं निघाला.

"थर्मोस्टॅट अडकलाय," मी म्हणालो.

"म्हंजे काय?" बायकोनं विचारलं.

मी सांगितलं. दहा मिनिटं लागली. तेवढ्यात काटा आणखी वर गेला. मग मी म्हणालो, पाण्याचा पंप असेल. पंपावर आणखी दहा मिनिटं. शेवटी गाडी झाडाखाली घेऊन मी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीला व्हिडिओ कॉल लावला. वीस वर्षं माझ्या गाड्या बघणारा माणूस.

"मालक, पाणी हाय का बगा आदी," तो म्हणाला.

"आहे."

"पंखा फिरतोय?"

"फिरतोय."

"मग म्होरं काय आडवं आलंय का बगा की. चिखल, गवत, एकादी पिशवी. वारा लागला पायजे त्येला."

"काय न्हाय आडवं."

"बघितलासा का पर?"

"मला शिकवतोस व्हय?" मी म्हणालो. "पंपाच्या बॉड्या ओततो मी."

"न्हाय मालक," तो म्हणाला. आज तो कॉल आठवला की मी घरात एकटा असलो तरी तोंड फिरवून बसतो.

मग मला एक युक्ती आठवली. इंजिन तापलं की आतला हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीत येते आणि इंजिन जरा निवतं. युक्ती खरी आहे, कुणालाही विचारा. बाहेर चाळीस अंश, आत हीटर चारवर, काचा खाली. बायकोनं टॉवेल भिजवून डोक्यावर घेतला. पाच मिनिटांत तो वाळला. तिनं तो पुन्हा भिजवला. मी घामानं निथळत, डोळे बारीक करून काटा बघत गाडी चालवत होतो आणि मधनंमधनं म्हणत होतो, "बघ, थांबला. बघ, काटा थांबला."

"सुम्म कुंद्री," ती म्हणाली. गप बसा. पहिल्यांदा कन्नड आलं म्हणजे काम अवघड झालं होतं.

मर्गिलान शहर चार-पाच किलोमीटरवर असताना पुढं काहीतरी फट्ट करून वाजलं आणि बॉनेटखालनं पांढरी वाफ उसळली. मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि बॉनेट उघडून थेट रेडिएटरच्या टोपणाला हात घातला. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट मागनं घट्ट धरलं. टरबुजं भरलेली एक छोटी पांढरी व्हॅन मागं थांबली होती, तिचा ड्रायव्हर. तो मान हलवत "योक, योक" म्हणाला. योक म्हणजे नाही, एवढं चीनच्या सीमेपासून कानावर पडून आम्हाला कळलं होतं. त्यानं मनगट धरलं नसतं तर उकळतं पाणी माझ्या तोंडावर आलं असतं. टोपण गरम असताना उघडायचं नाही, हे आमच्या फाउंड्रीतल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे.

ताफ्यातल्या पुढच्या गाड्या परत आल्या. म्होरक्यांनी घड्याळ बघितलं. पुढच्या देशांच्या तारखा व्हिसावर छापलेल्या होत्या, चारही गाड्यांनी थांबण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही दुरुस्त करून समरकंदला या. आम्ही तिथं तीन दिवस आहोत," ते म्हणाले. मग जरा घुटमळून विचारलं, "काय झालंय नक्की?"

"हेड गॅस्केट," मी म्हणालो. तो माझा चौथा शोध.

टरबूजवाल्यानं दोरखंड काढला, आमची गाडी व्हॅनला बांधली आणि मर्गिलानच्या एका गल्लीत ओढत नेली. दारापुढं तुतीचं झाड, आत मोठं अंगण, अंगणावर द्राक्षाचा मांडव, एका कडेला पत्र्याचं गॅरेज. "उस्ता!" त्यानं हाक मारली. आमच्या तालमीत कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. इकडं मिस्त्रीला उस्ता म्हणतात, हे ऐकून मला बरं वाटलं. वस्ताद बाहेर आला. साठीचा, काटकुळा, डोक्यावर चौकोनी टोपी, पुढचे दोन दात सोन्याचे. छातीवर हात ठेवून मला म्हणाला, "अका, खुश केलिबसिझ." या, स्वागत आहे, असा काहीतरी अर्थ असावा.

बायको इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण. तिची भावंडं तिला अक्काच म्हणतात. उझबेकमध्ये अका म्हणजे थोरला भाऊ, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच झालं, की मी चौकातला वाघ परदेशात येऊन थोरली बहीण झालो.

मोबाइलमध्ये भाषांतराची सोय होती. मी त्यात थर्मोस्टॅट, पंप आणि हेड गॅस्केट असं क्रमानं सगळं बोललो. फोननं ते उझबेकमध्ये सांगितलं. वस्तादानं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि इंजिनाकडं न बघता गाडीच्या तोंडापुढं उकिडवा बसला. प्लॅस्टिकच्या झाकणावर बोट फिरवलं. दोन क्लिपा नव्हत्या. त्यानं माझ्याकडं बघितलं.

तेव्हा मला आठवलं.

 एकदम सगळं हलकं वाटलं, जणू हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय. वस्तादानं झाकण उचललं, फटीत दोन बोटं घातली आणि घडी ओढायला लागला. ती जरा चिकटली होती. टरबूजवाला गेला नव्हता, शेजारचे दोघे आले होते, घरातनं बायका डोकावत होत्या. वस्तादानं पहिला पदर उलगडला, बर्फाचा डोंगर निघाला. दुसऱ्यात गॉगल. तिसऱ्यात मिश्या. मग दोघांनी टोकं धरून तो पूर्ण पसरला. सहा फूट लांब मी, हात छातीवर बांधून. वस्तादानं फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फ्लेक्सकडं बघितलं. माणूस तोच आहे ना, याची खात्री करून घेतली.

"हवा योक," तो म्हणाला.

याला फोनची गरज नव्हती. तरी त्यानं फोन जवळ घेतला आणि त्यात एक वाक्य बोलला. फोनमधल्या बाईनं स्वच्छ, शुद्ध मराठीत सांगितलं, "तुमचा चेहरा गाडीला श्वास घेऊ देत नव्हता."

बायको मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून गदगदायला लागली. घरातल्या बायकांना वाटलं ती रडतेय. त्या पाणी घेऊन धावत आल्या. तिनं त्यांना फ्लेक्स दाखवला, मला दाखवलं, आणि हातानंच 'मी हा माणूस तीस वर्षं सांभाळतेय' असं काहीतरी सांगितलं असावं, कारण त्या सगळ्या तिच्या शेजारी बसून हसायला लागल्या. मीही हसलो. म्हणजे दात दाखवले.

फ्लेक्स काढल्यानं गाडी बरी होणार नव्हती. मी तिला इतकी तापवली होती, की रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी उभी चिरली होती. या गाडीचा रेडिएटर तिकडं मिळणं शक्य नव्हतं. वस्तादानं हातानं मापं घेतली आणि सांगितलं, प्लॅस्टिकची टाकी काढून टाकतो, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी करतो आणि जोडतो. तीन दिवस. तोवर तुम्ही मेहमान. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, पण ते तोंडातल्या तोंडात. इथं खरंच अंगणातल्या लाकडी ओट्यावर गाद्या घातल्या गेल्या, तंदूरमधल्या रोट्या आल्या, चहा आला.

पहिल्या दिवशी दुपारी मी वस्तादाला ॲल्युमिनियमचं वेल्डिंग कसं करावं हे सांगायला गेलो. धातू हा माझा प्रांत, असं मला वाटत होतं. माझं ॲल्युमिनियमशी आयुष्यात काही देणंघेणं नाही, पण तेवढ्यानं मी थांबणारा नव्हतो. वस्तादानं पाच मिनिटं ऐकलं. मग माझा दंड धरून, अगदी आदरानं, मला द्राक्षाच्या मांडवाखाली नेलं आणि त्याच्या म्हाताऱ्या आईपुढं बसवलं. तिच्यापुढं ताज्या जर्दाळूंच्या तीन परड्या होत्या. तिनं एक जर्दाळू हातात घेतलं, अंगठ्यानं दोन फाकी केल्या, बी काढून टाकली आणि परडी माझ्याकडं सरकवली. ते तीन दिवस मी जर्दाळूच्या बिया काढत होतो. दुसऱ्या दिवसापर्यंत माझा हात बरा बसला होता. म्हातारी माझ्या परडीतल्या फाकी उलटसुलट करून बघायची, बिघडलेल्या बाजूला काढायची, आणि बिघडलेल्या रोज कमी निघायच्या. इतक्या दिवसांच्या प्रवासात मला जमलेली ही एकच गोष्ट.

बायको मात्र पहिल्या दुपारीच गायब झाली. चहा पिता पिता तिनं एकदम मान वर केली होती.

"ऐकलासा का?"

"काय?"

"माग."

मला गॅरेजातला हातोडा आणि कोंबडा एवढंच ऐकू येत होतं. मग लक्ष दिल्यावर भिंतीपलीकडनं लांबनं खटखट, खटखट आलं. ती कप ठेवून उठली आणि त्या आवाजाच्या दिशेनं, दुसऱ्याच्या घरातनं, सरळ चालत गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या केसांवर, भुवयांवर बारीक पांढरे कापसाचे तंतू होते आणि चेहरा वेगळाच दिसत होता. मागल्या बाजूला वस्तादाच्या सुनेची शेड होती. सहा जुने यंत्रमाग, चार बायका. ती दारात उभी असतानाच एका मागावरचा धागा तुटला आणि माग थांबला. ती आत गेली, कुणाला न विचारता दोन्ही टोकं पकडली, एका हातानं गाठ मारली आणि हात मागं घेतला. माग चालू झाला. तेव्हापासून त्या बायका तिला 'ओपा' म्हणत होत्या. ओपा म्हणजे मात्र खरोखरच थोरली बहीण.

"तुला हे कुठनं येतं?" मी विचारलं.

"कबनूरात काय वेगळं असतंय? शाळेतनं आले की बाबांच्या शेडात कांड्या भरायला बसायचे. लग्न होईपर्यंत."

कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. सासऱ्यांचे माग होते हे मला माहीत होतं, अर्थात. किती होते ते माहीत नव्हतं.

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही कवा इचारलं?"

मी बी काढलेलं जर्दाळू परडीत टाकलं. ती ओट्याच्या कडेला बसून पाय हलवत बोलत होती. बाबांचे बारा माग होते. जेवता जेवता ते मधेच उठायचे, "चौथा थांबला," म्हणायचे आणि जायचे. आई ताट झाकून ठेवायची. आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी धंदा बसला आणि माग मोडीत गेले. ज्या दिवशी घण घालून माग फोडत होते त्या दिवशी बाबांनी घरात रेडिओ मोठ्यानं लावला आणि दिवसभर बंद केला नाही.

जुन्या मागाचं बीड चांगलं असतं. आम्ही फाउंड्रीवाले ते हमखास घेतो. इचलकरंजीकडच्या मोडीच्या गाड्या माझ्याकडं वर्षानुवर्षं येतायत. हे माझ्या मनात आलं आणि मी तिच्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्याकडंच आलतं ते. मी डबा द्यायला आलते, तवा आवारात ढीग पडलेला. बाबा मागाच्या बाजूवर पिवळ्या रंगानं नंबर घालायचे. सात नंबर वरच पडलेला."

"मग तू..."

"बाबांनी शपथ घातलेली. जावयाला कळलं तर त्येला वाईट वाटंल म्हणाले."

अंगणात वस्ताद पत्रा कापत होता.  माफी मागावी तर कशाची, मोड घेतल्याची? ते तर कुणीतरी घेतलंच असतं. तीस वर्षं एका घरात राहून विचारलं नाही त्याची? मी एवढंच म्हणालो, "उद्या मला दाखवशील का शेड?"

"तिथं काय ज्ञान सांगणार न्हाईसा ना?"

"नाही."

"मग चला."

दुसऱ्या दिवशी मी शेडच्या दारात उभा राहिलो. आतला आवाज इतका होता, की बोलायची सोयच नव्हती. हे माझ्या दृष्टीनं उत्तमच. रंगीत नक्षीचं कापड हळूहळू पुढं येत होतं. माझी बायको मागामागानं हिंडत होती, कुठं हात लावत, कुठं नुसती मान वाकडी करून ऐकत. एका मागापाशी ती थांबली, कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि वस्तादाच्या सुनेला खालच्या बाजूला काहीतरी दाखवलं. सुनेनं वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. मागाचा एक पट्टा सैल झाला होता. मी माझ्याच गाडीच्या तोंडातली सहा फुटी वस्तू दोन दिवस शोधू शकलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी वस्तादानं रेडिएटर बसवला. नवी टाकी दिसायला ओबडधोबड होती, पण वेल्डिंगची रेघ अशी सुबक, की मी तिच्यावरनं बोट फिरवत राहिलो. पाणी भरून त्यानं गाडी तासभर उन्हात नुसती चालू ठेवली आणि शेजारी बसून चहा प्यायला. काटा मधोमध. एक थेंब गळाला नाही. "यख्शी," तो म्हणाला, बरी झाली. मी चूक करायची नाही म्हणून फक्त "रहमत" म्हणालो, आभार. मग फ्लेक्सची आठवण झाली. म्हटलं निदान पुरावा तरी नष्ट करावा. विचारलं, तर वस्तादानं वर बोट दाखवलं. शिडी चढून बघितलं. म्हातारीनं तो घराच्या सपाट छपरावर पसरला होता आणि त्यावर जर्दाळूच्या फाकी ओळीनं वाळत घातल्या होत्या. गॉगल झाकला गेला होता, मिश्या तेवढ्या उघड्या होत्या. मी तसाच खाली उतरलो.

निघताना सगळी गल्ली दारात आली. शेडमधल्या बायकांनी माझ्या बायकोच्या गळ्यात रेशमी कापडाचा एक तुकडा घातला आणि तिला सोडेनात. तिनं कांदा-लसूण मसाल्याचा तिच्याजवळचा अख्खा डबा त्यांना देऊन टाकला. तो जपून वापरा हे सांगायची सोय फोनमध्ये होती, पण आम्ही विसरलो. त्यांचं पुढं काय झालं असेल याची मला अजून काळजी वाटते.

समरकंदला ताफा गाठला. म्होरक्यांनी हात हातात घेऊन विचारलं, "हेड गॅस्केटच होतं ना?" बायको माझ्याकडं बघत होती. मी सगळं सांगितलं, चार पदरी घडीपासून जर्दाळूपर्यंत. ताफ्यातले सगळे पुढचे दोन देश हसत होते. म्होरके तर, जे कधी हसत नाहीत, एकदा पेट्रोल पंपावर उभे असताना एकटेच हसायला लागले आणि मला बघून तोंड पुसायला लागले. लंडनला आम्ही पोचलो, फोटोही काढले. पण आमच्याकडं आलेल्या माणसाला मी ते दाखवायला लागलो की बायको म्हणते, "साकु री, पुरे ते लंडन. मर्गिलानचं सांगा की."

मर्गिलानहून महिन्यातनं एकदा तरी व्हिडिओ कॉल येतो. बोलायला भाषा नाही. वस्तादाची सून फोन मागाजवळ धरते, आणि आमच्या दिवाणखान्यात खटखट सुरू होते. मी टीव्हीचा आवाज बंद करायचा, असा आता नियम आहे. बायको डोळे मिटून ऐकते. मध्येच म्हणते, "तिसऱ्याला तेल घाल म्हणावं." मराठीतच म्हणते. पलीकडं काय कळतं कोण जाणे, पण फोन तिसऱ्या मागाकडं वळतो. मी शेजारी बसून ऐकत असतो. मला अजून तिसरा आणि चौथा यातला फरक कळत नाही, आणि मी विचारलं की ती म्हणते, "उगं गप ऐका."